ऑक्टोबरमधला मंगळवार

आपल्याकडे दहावी म्हटलं की बोर्डाची परीक्षा. अमेरिकेत वाढणारी मुलगी जीव लावून सॉकर खेळत असेल, तर त्या घरात दहावीला धाक असतो तो १५ जूनचा. दहावीचं वर्ष संपल्यावर येणाऱ्या या तारखेपासून डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या सर्वांत वरच्या गटाच्या, कोचला मुलीशी थेट बोलायला, तिला मेसेज करायला परवानगी मिळते. मध्यरात्र उलटताच काही मुलींचे फोन वाजू लागतात. ज्यांचे वाजत नाहीत, त्यांच्या आईबाबांचे चेहरे दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसच्या पार्किंग लॉटमध्ये न सांगता ओळखू येतात.

त्या पार्किंग लॉटमध्ये मीही बरीच वर्षं काढली. माझी लेक खेळली, शिकली, आता नोकरीला लागली. तेव्हापासून न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळात कुणाची मुलगी नववी-दहावीत गेली की मला फोन येतो, आणि प्रश्न ठरलेला असतो, “ताई, डिव्हिजन वन बघायचं की शिक्षण बघायचं?” प्रश्न असा मांडला की सगळी चर्चा तिथेच वाकड्या वाटेला लागते. म्हणून आज जरा सविस्तर बोलू या.

आधी त्या १५ जूनबद्दल. २०१९ पूर्वी आठवी-नववीतल्या मुली कॉलेजला तोंडी शब्द देऊन बसायच्या. शरीराची वाढ पुरी झालेली नाही, आवडते विषय ठरलेले नाहीत, आणि कॉलेज मात्र ठरलेलं! नियम बदलला ते बरंच झालं. पण त्याने एक नवी समजूत रूढ केली, की त्या दिवशी फोन आला नाही म्हणजे खेळ संपला. तसं मुळीच नाही. आयव्ही लीगचे आणि डिव्हिजन थ्रीचे बरेच कोच खरे निर्णय अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात घेतात, कारण मुलीचे अकरावीचे मार्क हातात आल्याशिवाय त्यांना प्रवेश कार्यालयाकडे जाताच येत नाही. तेव्हा दहावीच्या जूनमध्ये रडारड नको.

दुसरी समजूत स्कॉलरशिपची. आपल्या पिढीच्या डोक्यात ती बहुधा ‘बेंड इट लाइक बेकहॅम’मधून आली असावी. २००२ सालच्या त्या सिनेमात लंडनमधली पंजाबी जेस शेवटी मैत्रिणीबरोबर सॉकरच्या स्कॉलरशिपवर कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा विद्यापीठात जाते. सांता क्लारा खरं आहे, २००१ मध्ये ते राष्ट्रीय विजेतेही होते. पण पूर्ण शिक्षण फुकट देणारी स्कॉलरशिप मुलींच्या सॉकरमध्ये फार थोड्यांच्या वाट्याला येते. २०२४-२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या एका संघाला १४ स्कॉलरशिपइतकी रक्कम देता यायची, आणि ती वाटून घ्यायला संघात पंचवीस-तीस मुली. कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला पुस्तकांपुरती. खेळाडूंनी केलेल्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना ही मर्यादा उरली नाही. त्याऐवजी संघात जास्तीत जास्त २८ मुली, असा नियम आला. म्हणजे कॉलेजने ठरवलं तर अठ्ठावीसही जणींना पैसे देता येतील. देतीलच असं नाही. आणि पूर्वी स्कॉलरशिपशिवाय, निव्वळ हौसेने संघात राहणाऱ्या एकोणतिसाव्या-तिसाव्या मुलीला आता तिथे जागाच नाही.

डिव्हिजन थ्रीत खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. आयव्ही लीग डिव्हिजन वनमध्ये असूनही तिथे खेळाची स्कॉलरशिप नाही. तरीही मी अभ्यासू मुलींच्या आईबाबांना याच दोन ठिकाणी आधी बघायला सांगते, कारण तिथे सॉकर पैसे देत नसलं तरी दार उघडून देतं. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी वेळेचं बोलू, कारण माझ्या मते सगळं गाडं तिथेच अडतं. अभ्यास आणि खेळ यांची तुलना करत बसण्यापेक्षा मुलीच्या कॉलेजमधल्या एका मंगळवाराची कल्पना करा. ऑक्टोबरचा मंगळवार, दुसरं वर्ष. कॉलेज सॉकरचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि नोव्हेंबरपर्यंत, चांगला संघ असेल तर त्याही पुढे चालतो. म्हणजे पहिल्या सत्राच्या बहुतेक परीक्षा हंगामाच्या आत. नियमाप्रमाणे डिव्हिजन वनमध्ये हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. कागदावर माफक वाटतं. पण त्या वीस तासांत प्रवास धरत नाहीत, फिजिओकडे घालवलेला वेळ धरत नाहीत, आणि सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी हिशेबात ३ तासच. सामने बरेचदा गुरुवारी आणि रविवारी. बाहेरगावी सामना असेल तर संघ बुधवारीच निघतो. मग मंगळवार हा आठवड्यातला खरा अभ्यासाचा दिवस उरतो, आणि नेमकी त्याच दुपारी ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लॅब असते.

अशा मंगळवारी लॅब आणि प्रॅक्टिस एकाच वेळी आली तर काय करतात, हा प्रश्न प्रत्येक कॉलेजात विचारा. कोचला विचारलं की “आमच्याकडे शिक्षण पहिलं” हे उत्तर मिळतं, सगळीकडे तेच. संघातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला विचारा, तेही मुलीनेच, तुम्ही तिथे नसताना. “मी लॅब उन्हाळ्यात केली”, “मी नर्सिंग सोडून दुसरा विषय घेतला”, “उशिरा गेलं तर चालतं, पण मग शनिवारी सुरुवातीच्या अकरात नाव नसतं” अशी खरी उत्तरं तिथे मिळतात. एमआयटीत संध्याकाळी ५ ते ७ या वेळात पदवीचे वर्ग ठेवत नाहीत, म्हणून तिथे हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. एमआयटीचं सॉकर डिव्हिजन थ्रीचं, हे मंडळात सांगितलं की लोक चकित होतात. शिकागो विद्यापीठही डिव्हिजन थ्रीत, जॉन्स हॉपकिन्सचं सॉकरही तिथलंच. ज्या हॉपकिन्सच्या नावाने आपल्या डोळ्यांसमोर फक्त मेडिकल कॉलेज येतं, त्याच्या मुलींनी २०२२ मध्ये डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने ते २०१६ आणि २०२४ मध्ये जिंकलं. ‘थ्री’ ऐकून नाक मुरडणाऱ्या बाबांनी या संघांचा एक सामना मैदानाच्या कडेला उभं राहून बघावा, आणि मग बोलावं.

प्रवासाचं गणितही डिव्हिजनपेक्षा कॉन्फरन्सवर ठरतं, म्हणून नकाशा घेऊनच बसा. २०२४ पासून स्टॅनफर्ड आणि बर्कली ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या कॉन्फरन्समध्ये खेळतात. नाव अटलांटिकचं, कॉलेजं पॅसिफिकच्या काठावर! तिथल्या मुली लीगच्या सामन्यासाठी देश ओलांडतात. त्याच वर्षी लॉस एंजलिसची यूसीएलए बिग टेनमध्ये गेली आणि तिला रटगर्सपर्यंत, म्हणजे थेट आमच्या न्यू जर्सीपर्यंत यावं लागू लागलं. उलट विल्यम्स, ॲमहर्स्ट, टफ्ट्स यांची न्यू इंग्लंडमधली कॉन्फरन्स बसच्या अंतरात भागते. पण डिव्हिजन थ्री म्हणजे बसच, असंही धरून चालू नका. शिकागो, अटलांटाचं एमरी, पिट्सबर्गचं कार्नेगी मेलन, न्यूयॉर्कचं एनवाययू हे सगळे एकाच कॉन्फरन्सचे. त्या मुली विमानाने जातात. प्रत्येक संघाचं वेळापत्रक कॉलेजच्या संकेतस्थळावर जाहीर असतं. मागच्या हंगामातला ऑक्टोबर उघडा आणि मुलीला तिच्या आवडत्या विषयाचे वर्ग त्यात बसवून बघायला सांगा. या एका तासात दहा कॉलेज-भेटींपेक्षा जास्त कळतं.

संकेतस्थळावरची दुसरी वाचण्याजोगी गोष्ट म्हणजे रोस्टर. संघातल्या प्रत्येक मुलीचं वर्ष, जागा, बहुतेक ठिकाणी मुख्य विषयही दिलेला असतो. आपली मुलगी इंजिनीअरिंगला जाणार असेल आणि अठ्ठावीस जणींत इंजिनीअरिंगची एकही नसेल, तर तो योगायोग नव्हे. पहिल्या वर्षाच्या अकरा आणि शेवटच्या वर्षाच्या तीनच मुली दिसल्या, तर मधल्या कुठे गेल्या ते विचारा. मुलगी लेफ्ट बॅक असेल तर त्या जागेवर कोण खेळतं, कोणत्या वर्षात आहे, ते बघा. २०१८ पासून ट्रान्स्फर पोर्टल आलंय. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाणं सोपं झालंय आणि कोचही अठरा वर्षांच्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षं कॉलेज खेळलेली मुलगी घेणं पसंत करू लागलेत. गेल्या दोन वर्षांत संघात बाहेरून किती जणी आल्या, हे रोस्टर सांगतं. त्यात कोणाशी वाद घालावा लागत नाही, कोणाचं गोड बोलणं ऐकावं लागत नाही. मला तर रोस्टर वाचायचं व्यसनच लागलं होतं. नवरा म्हणायचा, शेअर बाजार इतका मन लावून वाचला असतास तर स्कॉलरशिपची गरजच पडली नसती.

कोच आवडला म्हणून कॉलेज घेऊ नका, हे मी फार ठासून सांगते. चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ मुलींच्या सॉकरमधलं सर्वांत मोठं घराणं, प्रसिद्ध खेळाडू मिया हॅम तिथलीच. १९७९ पासून तिथे अँसन डोरन्स हे एकच कोच होते, त्यांनी एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची, २१ विजेतेपदं मिळवली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, ते निवृत्त झाले. त्यांच्या नावासाठी आलेल्या मुली तशाच मैदानात उतरल्या आणि त्याच डिसेंबरमध्ये डेमन नाहास यांच्या हाताखाली बाविसावं विजेतेपद जिंकल्या. त्यांचं निभावलं, कारण घराणं भक्कम होतं. एरवी लहान कॉलेजांतले चांगले कोच मोठ्या कॉलेजांचं बोलावणं आलं की जातात, नवा कोच आपल्या पसंतीच्या मुली आणतो, आणि आपली मुलगी दोन वर्षं राखीव बाकावर बसते. तेव्हाही सकाळी उठून त्या वर्गात जावंसं वाटेल का?

तीच गोष्ट गुडघ्याची. एकाच खेळात मुलींचा एसीएल, म्हणजे गुडघ्यातला अस्थिबंध, मुलांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात फाटतो, आणि शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष जातं. स्कॉलरशिप असेल तर ती किती वर्षांची आहे आणि दुखापतीत टिकते का, हे लेखी घ्या. तोंडी देऊ केलेली जागा दोन्ही बाजूंना बांधत नाही; सही झालेल्या आर्थिक कराराशिवाय कशावर विसंबू नका.

आता दाराबद्दल. बऱ्याच डिव्हिजन थ्री कॉलेजांत आणि आयव्हीत ‘प्री-रीड’ नावाची पद्धत आहे. अकरावी संपली की जुलैपासून कोच मुलीचे मार्क, बारावीत घेतलेले विषय, टेस्टचे गुण प्रवेश कार्यालयात नेतो आणि ही मुलगी इथे बसेल का असं विचारतो. तिथून होकार आला, कोचला ती हवी असली, तर तो तिच्या अर्जाला पाठिंबा देतो. ज्या कॉलेजात शंभरातले पाच-दहाच अर्ज स्वीकारले जातात तिथे या पाठिंब्याचं मोल कुठल्याही पाव स्कॉलरशिपपेक्षा मोठं आहे. बदल्यात कोचला शब्द हवा असतो: डिव्हिजन थ्रीत बहुतेकदा नोव्हेंबरमध्ये भरायच्या ‘अर्ली डिसिजन’ अर्जाचा, ज्यात प्रवेश मिळाला तर जायचंच असतं. म्हणून तो शब्द देण्याआधी मुलीने दोन गोष्टी विचाराव्यात. “तुमच्या यादीत माझ्या जागेसाठी मी कितवी?” आणि “तुम्ही पाठिंबा दिलेल्या मुलींपैकी गेल्या काही वर्षांत कोणाला नकार आला का?” आपल्या मुलींना असं थेट विचारणं आगाऊपणाचं वाटतं, कारण मोठ्यांना उलट विचारू नये हे आपणच शिकवलंय. तेवढ्यापुरतं ते मागे घ्या. चांगला कोच याला सरळ उत्तर देतो. जो देत नाही, त्याच्याबद्दलही कळायचं ते कळतं.

अर्ली डिसिजनमध्ये वेगवेगळ्या कॉलेजांचे आकडे समोर ठेवून घासाघीस करता येत नाही, म्हणून पैशाचं आधीच बघा. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो. आयव्ही आणि न्यू इंग्लंडमधली नामांकित छोटी कॉलेजं घरच्या गरजेप्रमाणे मदत देतात, आणि दोघंही आयटीत असलेल्या घराला बहुधा काहीच मिळत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. काही डिव्हिजन थ्री कॉलेजं मात्र मार्कांवर स्कॉलरशिप देतात, आणि तिथे अभ्यासू मुलीला जे मिळतं ते पुष्कळदा डिव्हिजन वनच्या पाव स्कॉलरशिपहून जास्त भरतं. कुटुंब अजून एच-१बी व्हिसावर असेल तर आणखी एक गाठ आहे. एच-४ वरच्या मुलीला केंद्र सरकारची मदत मिळत नाही, काही कॉलेजं तिला परदेशी अर्जदारांत धरतात, आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, नेमका कॉलेजच्या मध्यावर. हल्ली खेळाडूंना जाहिरातींतून कमाई करता येते असं कानावर येतं. एच-४ वर कामाची परवानगी नसते, तेव्हा तो विषय वकिलाला विचारल्याशिवाय काढू नका. हे सगळं कोचला माहीत असेल असं समजू नका. प्रवेश कार्यालयाला विचारा, अगदी सुरुवातीलाच.

कॉलेजचे कोच खेळाडू हेरण्यासाठी भरवतात त्या आयडी कॅम्पची बोलावणी येतील, भरपूर येतील. “आम्ही तुझ्या खेळाने प्रभावित झालो” असं पत्र शेकडो मुलींना एकदम जातं, कारण कॅम्प हे कोचिंग स्टाफच्या उत्पन्नाचंही साधन आहे. पत्रात तिच्या एखाद्या ठरावीक सामन्याचा, तिच्या जर्सीच्या नंबराचा उल्लेख असेल तर विचार करा. नसेल तर विमानाचं तिकीट वाचवा. आणि कोचला ईमेल मुलीनेच लिहायचा. तिच्या इंग्रजीत, तिच्या चुकांसकट. बाबांनी लिहिलेला ईमेल कोच दोन ओळींत ओळखतात, आणि मुलीऐवजी बाबांना चार वर्षं सांभाळावं लागेल की काय, या विचाराने दूर होतात. मैदानाच्या कडेने “शूट कर, शूट!” ओरडणाऱ्या आईबद्दलही हेच. कोच मुलगी बघायला आलेला असला तरी कान त्याला असतातच.

एक गोष्ट मात्र कोचही सांगू शकत नाही, कारण ती त्याला माहीत नसते. क्लबची फी, स्पर्धांची हॉटेलं, पेट्रोल, बूट यांत आपण हजारो डॉलर घातलेले असतात, कित्येक शनिवार-रविवार घातलेले असतात, मराठी शाळा बुडवलेली असते. मग अकरावीत कुठेतरी ‘आता वसूल व्हायला हवं’ हा सूर घरात शिरतो. आपण तो उच्चारत नाही, पण मुलींना ऐकू येतो. मी अशा दोन-तीन मुली जवळून पाहिल्यात ज्यांना कॉलेजात खेळायचंच नव्हतं, आणि एवढा खर्च करून घेतल्यावर आईबाबांना ते सांगायची त्यांची छाती झाली नाही. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर “पण ती शिकणार काय आहे?” असं विचारणाऱ्या आजीवर आपण हसतो, पण तिचा प्रश्न निदान मुलीबद्दल असतो. एकदा सॉकरची बॅग गाडीत नसताना, परतीच्या वाटेवर नसताना, हरल्या-जिंकल्याच्या गडबडीत नसताना तिला विचारा की तुला अजून चार वर्षं हे हवंय का. उत्तराला आठवडा लागला तर लागू द्या.

आणि ती “नको” म्हणाली, किंवा कुठूनच बोलावणं आलं नाही, तरी बूट लगेच कुणाला देऊन टाकू नका. देशात हायस्कुलात सॉकर खेळणाऱ्या मुली साडेतीन लाखांहून जास्त आहेत आणि एनसीएएच्या तिन्ही डिव्हिजन मिळून जागा तीस हजारांच्या आसपास, तेव्हा न निवडलं जाणं हीच इथली सर्वसाधारण गोष्ट. मोठ्या सरकारी विद्यापीठांत मुलींचे क्लब संघ असतात. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सराव, जवळच्या कॉलेजांशी सामने, वर्षाअखेरी राष्ट्रीय स्पर्धा, आणि बरेचदा संघ मुलीच चालवतात. निवड चाचणी सत्राच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात असते. तारीख मुलीने ऑगस्टमध्येच बघून ठेवावी, कारण त्याची आठवण करून द्यायला कुठलाही कोच फोन करत नाही.